5 व्होल्टच्या डेटा लाइनला 470 व्होल्टचा प्रोटेक्टर विकला, पैसे परत करा

नमस्कार सर/मॅडम,

हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. ऑक्टोबरात तुमच्याकडून आरएस-485 लाइनसाठी (मीटर ज्या तारांवरून कॉम्प्युटरशी बोलतात ती) दोन सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारे डबे, घेतले, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये दीडेकशे मीटर केबल जाते अन त्यावर सहा एनर्जी मीटर आहेत, म्हणून मुद्दाम डब्यावर "डेटा लाइन" लिहिलेला माल घेतला.

मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं. वीज आमच्यावर नाही पडली, कुठंतरी पलीकडे पडली, लाइटसुद्धा गेली नाही, पण सहापैकी चार मीटर कॉम्प्युटरला दिसेनात. डिस्प्ले चालू, युनिट बरोबर मोजतात, फक्त बोलत नाहीत. म्हणजे झटका डेटा केबलमधूनच आला ना?

तुमच्या कस्टमर केअरचं एकच पालुपद, "अर्थिंग खराब असेल, आणि विजेमुळे झालं तर वॉरंटी नाही". अहो मग सर्ज प्रोटेक्टर लोक कशाला घेतात, लग्नात आहेर द्यायला? तरी अर्थिंग मोजून घेतलं, दीड ओहम आलं. मग डबाच उघडला.

आत काय तं दोन निळ्या चकत्या, त्यावर लिहिलंय 10डी471. 471 म्हणजे 47 वर एक शून्य, 470 व्होल्ट. हे 230 व्होल्टच्या मेन लाइनवर लावायचे एमओव्ही आहेत बाप्पा, म्हणजे 470 व्होल्टच्या आसपास जागे होऊन झटका गिळणाऱ्या चकत्या! आमच्या मीटरमध्ये या लाइनवर बोलणारी मॅक्स485 चिप आहे, तिच्या लाइनला जोडलेल्या ए-बी पिना उणे 8 ते अधिक 12.5 व्होल्टच्या पुढे टिकत नाहीत. लाइनवर 300 व्होल्ट आले तरी तुमचा डबा झोपलेलाच, अन जागा झाला तरी मोठ्या करंटला सातशेच्या वर व्होल्ट पुढे सोडतो. खरं तं आमच्या चिपनेच मरून तुमचा डबा वाचवला, तो अजून ठणठणीत आहे.

सीताबर्डीतल्या दुरुस्तीवाल्या भाऊने दाखवलं की 485 साठी एसएम712 म्हणून टीव्हीएस डायोड (झटका पटकन दाबणारा छोटा पार्ट) येतो, उणे 7 ते अधिक 12 व्होल्टच्या हिशेबानेच बनवलेला. केबलच्या तोंडाशी 90 व्होल्टची गॅस ट्यूब, मग 10 ओहमचे रेझिस्टर, मग हा डायोड. ट्यूब मोठा झटका अर्थला नेते पण ती चालू व्हायला वेळ घेते, तेवढ्यात जे निसटतं ते डायोड दाबतो, दोघांपैकी एकट्याने भागत नाही. अन तो डायोड दोन प्लेट तर्री पोह्यांपेक्षा महाग नाही, मग काटकसर कशाची केली?

दोन्ही डब्यांचे पैसे अन चार मीटरच्या दुरुस्तीचे 3,200 रुपये परत करा, आणि डब्यावरचं "डेटा लाइन" काढा, दुसरा कोणी फसायला नको. 15 दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतो, तिथूनही नाही जमलं तर ग्राहक आयोगात जातो.

बिल अन उघडलेल्या डब्याचे फोटो जोडलेत. 471 नीट वाचता येत नसेल तर सांगा, जवळून काढून पाठवतो.