दिल्या, पहिलं खोटं तूच बोलला होता

दिल्या,

फोनच करणार होतो. तीनदा तुझं नाव काढलं आणि तीनदा ठेवून दिला, कारण तू "बोल बे" म्हणशील आणि मला बोलता येणार नाही. म्हणून लिहून राहिलो. लांबेल. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाच, वहिनीसमोर मोठ्यानं वाचू नको.

तब्येत बरी. बीपीची गोळी सुरू झाली, अर्धी. मंजूचा गुडघा ठीक आहे. झालं.

डिसेंबरपासून मी बोललो नाही. मी रागात होतो हे तुला माहीत आहे, तू रागात नव्हता हे मला माहीत आहे, आणि मला त्याचाच जास्त राग आला. तलावाच्या पाळीवर उभा राहून मी सईला दाखवत होतो की बघ, इथून त्या महादेवाच्या देवळापर्यंत तुझा बाप दहावीत असताना पोहत गेला होता. तू तिच्यासमोर एक शब्द बोलला नाही. खाली मान घालून खर्रा घोटत राहिला. रात्री अंगणात मात्र म्हणाला, "पोरीले खोटं कायले सांगतं बे? ते पाण्यात जाते. एक दिवस बोलावन तुले." आणि मी म्हटलं, तू जळतो माझ्यावर. हे आठवलं की अजून कान गरम होतात. तुझ्याकडे जळण्यासारखं माझं होतं काय, एक उसनं पोहणं.

तर बोलावलं तिनं.

नीट सांगतो. आमच्या इथून कारनं तीन तासांवर ऑटर टेल नावाची काऊंटी आहे, काऊंटी म्हणजे जिल्हा समज. त्यात १,०४८ तलाव. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच काऊंटीत एवढे नाहीत असं हे लोक अभिमानानं सांगतात, आपण जसं भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा असं बाहेरच्याला पहिल्या दोन मिनिटांत सांगतो ना, अगदी तसं. फक्त आपले तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी पाळी घालून बांधले, यांचे हिमयुगातल्या बर्फानं करून ठेवले. बर्फाचे मोठमोठे तुकडे मातीत अडकले, वितळले, खड्डा राहिला, त्यात पाणी. एका बाजूला तरी पाळ हवी ना रे तलावाला? इथे नाही. कुणीतरी घाईत पाणी सांडून गेल्यासारखं वाटतं. ऑटर टेल लेक तर साडेतेरा हजार एकरांच्याही वर आहे, आपलं अख्खं गाव शेतीवाडीसकट त्यात बुडवलं तरी ढेकर देणार नाही.

सईनं तिच्या मैत्रिणीला सांगितलं की माझ्या बाबांच्या गावाकडच्या तलावांना मामा तलाव म्हणतात. मैत्रीण म्हणाली, कुणाच्या मामाचे? आता मामा म्हणजे माजी मालगुजारी, हे इंग्रजीत कसं सांगू, मी म्हटलं सगळ्यांच्याच मामाचे.

बॅटल लेक नावाच्या गावाजवळ आठवडाभर केबिन घेतली होती. पुढं लाकडी डॉक, डॉकपासून साधारण पंचवीस-तीस मीटरवर पाण्यात एक तराफा साखळदंडानं बांधलेला. पोरं पोहत जातात, त्यावर चढतात, उड्या मारतात. पहिल्याच संध्याकाळी तो तराफा पाहिला आणि माझ्या पोटात कालवलं. पण म्हटलं, आठवडा काढू. लाईफ जॅकेट आहे, मासेमारी आहे, पाठदुखी आहे.

पहिले तीन दिवस मस्त गेले, खोटं कशाला बोलू (हे वाक्य मी लिहावं!). ग्लेंडालो म्हणून एक स्टेट पार्क आहे, आधी ती एका पेपरवाल्या मालकांची शिकारीची खाजगी जागा होती, आयझेनहॉवर आणि निक्सन तिथे पाहुणे म्हणून येऊन गेलेत. आता तुझ्यामाझ्यासारखा माणूस जातो. त्यातल्या ॲनी बॅटल तलावावर मोटरबोट चालत नाही, मासे शोधायची इलेक्ट्रॉनिक यंत्रंही बंद, फक्त वल्ही. एवढी शांतता की वल्ह्यावरून गळणारं पाणी ऐकू येतं. तुझी आठवण आली, तू असता तर मोबाईलवर भजन लावलं असतं.

सईला मासे धरायचे होते. सोळाच्या आत लायसन्स लागत नाही, माझं मी काढलं. गरीला गांडूळ लावायचं काम माझ्याकडे, आणि ते मला येतं, दिल्या! तिथे मी छाती काढून बसलो होतो. तिला हाताच्या पंजाएवढा सनफिश लागला, पिवळ्या पोटाचा, उन्हात चकाकणारा. मी म्हटलं आमच्याकडे मरळ असते, हातभर, निसटून चिखलात घुसली की ढिवरांनाच सापडते. ती म्हणाली तुम्ही धरलीय? मी म्हटलं दिलीपकाकानं धरलीय. बघ, तिथे मी खरं बोललो होतो. फोटो काढून तिनं मासा सोडून दिला. माझ्या डोळ्यांसमोर तिखट-मीठ लावलेला तवा होता, पण गप बसलो.

बोट एका तलावातून दुसऱ्या तलावात न्यायची तर आधी तळाचं बूच काढून सगळं पाणी गाळायचं, गवत झाडायचं, असा कायदा आहे. झेब्रा मसल नावाचा नखाएवढा शिंपला बोटीवरून पसरतो आणि सगळीकडे चिकटून बसतो. म्हटलं आमच्याकडे तलावात बेशरम नावाची वनस्पती आहे, तिला बोट लागत नाही, ती पायी येते.

रात्री लून ओरडतो. आमच्या मिनेसोटा राज्याचा राज्यपक्षी, काळापांढरा, उन्हाळ्यात लालभडक डोळे, बुडी मारली की निघायचं नाव घेत नाही. त्याचा आवाज म्हणजे कुणीतरी वेड लागल्यासारखं हसतंय आणि मधेच गळा काढतंय. सई विचारते, हसतोय की रडतोय? मी उशी कानावर घेतली.

मंगळवारी दुपारी झालं. मंजू फर्गस फॉल्सला दूध-भाजी आणायला गेली होती. सई पोहत तराफ्यावर गेली. तिला येतं, क्लबात शिकलीय, तिच्याबद्दल मला भीती नव्हतीच. वर उभी राहून ओरडायला लागली, बाबा या, बाबा तुम्ही तर अख्खा तलाव पार केलाय, हे तर काहीच नाही. मी म्हटलं पाणी गार आहे. मग म्हटलं ऑफिसचा फोन यायचाय. मग म्हटलं आत्ताच जेवलो. एकाच माणसानं तीन कारणं दिली की त्यातलं एकही खरं नसतं, हे अकरा वर्षांच्या पोरीलाही कळत असणार. ती हसली आणि परत यायला निघाली.

मधोमध तिच्या पायाला वेल गुंडाळला. तिथे पाण्याखाली मेथीच्या भाजीसारखं गवत वाढतं. एरवी ती सोडवून आली असती, पण तेवढ्यात लांबून एक पाँटून बोट गेली, तिच्या लाटेचं पाणी तोंडात गेलं आणि ती घाबरली. ओरडली, बाबा! आता 'या' नाही म्हणाली. नुसतं बाबा.

मी पळालो रे. डॉकची शिडी उतरलो, चपलांसकट, पाणी छातीपर्यंत आलं आणि पुढच्या पावलाला खाली जमीन नव्हती. मी थांबलो. किती वेळ ते सांगता येत नाही. दहा सेकंद असतील. समोर पोरगी आणि मी तिथे खांब धरून उभा. ओरडत होतो, कुठल्या भाषेत देव जाणे.

शेजारच्या केबिनमधली आजीबाई, सत्तरीच्या आसपासची, कयाकमध्येच होती. दोन-चार वल्ही मारली आणि पोचली. सईनं कयाकचं मागचं टोक धरलं आणि लोंबकळत किनाऱ्याला आली. दिल्या, जसा मी डोंग्याला लोंबकळत आलो होतो. तस्साच हात, तसंच डोकं मागे टाकलेलं. तू माझे केस धरून मला वर काढलं होतं (केस होते तेव्हा), ढिवरबुवाच्या डोंग्याला चिकटवलं होतं आणि स्वतः बाजूनं पोहत आला होता. आणि देवळाजवळ सगळी पोरं जमली तेव्हा माझं तोंड बघून तूच म्हणाला, "दोघंही पोहून आलो, हा शेवटी दमला म्हणून डोंगा धरला." पहिलं खोटं तू बोलला, लक्षात ठेव. मी नुसतं ते घेऊन अमेरिकेला आलो. दर वर्षी त्यातला डोंगा थोडा थोडा लांब जात गेला आणि लग्नापर्यंत पार दिसेनासा झाला.

पोरगी ठणठणीत होती. आजीबाईनं टॉवेल दिला, माझ्याकडे पाहून काही बोलली नाही, नुसती खांद्यावर थाप मारली. सई माझ्याजवळ येऊन बसली. तीही काही बोलली नाही.

मंजू आल्यावर मी काय केलं असेल? म्हटलं काही नाही, वेलीत पाय अडकला, तशी ती घाबरली, तिथे पाणी छातीएवढंच आहे. सई ऐकत होती. रात्री पांघरूण घालायला गेलो तर अंधारात म्हणाली, "बाबा, पाणी तुमच्या छातीएवढं असतं तर माझे पाय कुठेतरी टेकले असते."

बस एवढंच. मग कूस बदलून झोपली.

आता माझी अडचण समजून घे, तुला सोडून कुणाला समजणार नाही. ती समजते मला पोहता येतं. म्हणजे तिच्या हिशेबानं तिचा बाप असा आहे की ज्याला पोहता येतं आणि तरी तो आला नाही. मला पोहता येत नाही हे सांगितलं तर ती माफ करेल, येत नाही म्हणून थांबला, ठीक. पण मग तो तलाव, ते देऊळ, डिसेंबरात पाळीवर उभं राहून बोट दाखवणं, त्याचं काय? तिनं शाळेत त्यावर निबंध लिहिलाय, तो फ्रीजवर लावलेला आहे, रोज दूध काढताना वाचतो. एकीकडे भित्रा, एकीकडे लबाड. यातलं काय व्हावं ते तू सांग, तुला दोन्ही माहीत आहेत.

दुसऱ्या दिवशी बुधवार. पेरहम म्हणून गाव आहे तिथे उन्हाळ्यात दर बुधवारी कासवांच्या शर्यती असतात. खरंच. पोरं कासव घेऊन गोल वर्तुळात बसतात, मधोमध सोडतात, जे आधी रेघेबाहेर जाईल ते जिंकलं. सईनं तिच्या कासवाचं नाव ठेवलं दिलीप. तुझ्यावर प्रेम म्हणून ठेवलं की मला टोचायला, माहीत नाही. दिलीप मधल्या जागेवरून हललाच नाही, मान बाहेर काढून इकडेतिकडे बघत बसला. अगदी तू, तहसील ऑफिसात. ती हसली तेव्हा मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

परत येताना पेलिकन रॅपिड्सला १५ फुटांहून उंच सिमेंटचा पेलिकन आहे त्यापुढे फोटो काढले, १९५७चा आहे, आपल्या दोघांपेक्षाही म्हातारा. फेल्प्स मिल म्हणून नदीवरची जुनी पिठाची गिरणी आहे, १८८९ची, आत लाकडी पट्टे नि चाकं तशीच ठेवलीत. मंजूला ती फार आवडली. मी खाली नदी बघत उभा होतो, घोट्याएवढं पाणी, तिथे मी मोठ्या रुबाबात पाय बुडवले.

आता हे फक्त तुला. मंगळवार-गुरुवार सकाळी सहाला मी पोहण्याच्या क्लासला जाऊन राहिलो. मंजूला जिम सांगितलंय (हो, अजून एक, माहीत आहे). शिकवणारी एकोणीस वर्षांची पोरगी आहे, ती मला म्हणते तोंड पाण्यात घाला आणि बुडबुडे काढा. पन्नाशीला आलेला मी, बुडबुडे काढतो. ती म्हणते व्हेरी गुड. मास्तर एवढं कधी म्हणाले नव्हते. चौथ्या दिवशी फळी धरून पाय मारले, मधोमध गेलो आणि खाली पाहिलं तर तळाच्या निळ्या फरशा दिसत होत्या. आपल्या तलावात तळ दिसत नव्हता म्हणून घाबरायचो असं मी स्वतःला सांगत आलो. दिसला तरी घाबरतो.

तुझं सांग. रोवणी आटोपली का, पाऊस कसा आहे? धानाच्या बोनसचे पैसे आले की अजून फॉर्मच? मोठ्याचं आयटीआय लागलं हे बहिणीकडून कळलं, तू नाही सांगितलं, पण मी कुठे विचारलं. वहिनीला स्कूटी जमायला लागली का. माय आता ओळखते का नीट? तिला माझं नाव सांगून बघ, नाही ओळखलं तरी चालेल. सरपंचाच्या भानगडीत पडू नको, तुला खोटं नीट बोलता येत नाही, एकदाच बोलला आणि ते बघ किती वर्षं पुरलं.

आणि जळतो म्हटलं होतं त्याबद्दल, दिल्या, तू समजून घे. लिहायला गेलो की मला ते वाक्य बनत नाही.

मुद्द्याचं राहिलंच. काल सईनं तुझा नंबर मागितला. कशाला विचारलं तर म्हणाली, काकांना कासवाचा फोटो पाठवायचाय. फोटो पाठवायला माझा फोन असतो तिच्याकडे. मी दोन मिनिटं भांडी आवरायच्या निमित्तानं उभा राहिलो आणि मग दिला. रविवारी तुमच्या सकाळी फोन करेल. तिचं मराठी तुला समजतं, तुझं तिला कमी समजतं, हळू बोल.

काय सांगायचं ते मी तुला सांगत नाही.

शिंगाडे निघाले की मला व्हिडिओ पाठव, नुसता, तराफ्यावर नाही, डोंग्यावर बसून काढलेला.

तुझा,
मन्या