चार समुद्रांच्या खिंडी: बिपीनला पत्र

तिरानो, इटली
जुलै अखेर

प्रिय बिपीन,

पुढच्या उन्हाळ्यात आल्प्समधला स्टेल्व्हिओ घाट सायकलने करायचाच, असं तू ठणकावून लिहिलं आहेस. अठ्ठेचाळीस वळणं, प्रत्येक वळणावर आकडा कोरलेला दगड, २७५७ मीटर उंची आणि माथ्यावरचा तो फोटो. मी आत्ता जिथे बसून हे लिहितोय, तिथून बोर्मिओमार्गे स्टेल्व्हिओलाच जाता येतं. पाटी समोर दिसते आहे. मी गेलो नाही आणि उद्याही जाणार नाही. रागावू नकोस, आधी ऐकून तरी घे.

स्टेल्व्हिओबद्दल माझं काही वाकडं नाही. १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी नावाच्या अभियंत्याने तो आखला आणि बांधला, आणि ज्या चढाने घोडागाड्या जायच्या त्याच चढाने आज आपल्यासारखे घामाघूम होत जातात, ही गोष्ट थक्क करणारीच आहे. पण तो एकटा घाट आहे. चढलास, फोटो काढलास, उतरलास, संपलं. मी या वेळी खिंडी उंची बघून निवडल्या नाहीत, पाणी बघून निवडल्या. स्वित्झर्लंडमधल्या इनर्टकिर्शेनपासून इथे तिरानोपर्यंत ग्रिम्झेल, फुर्का, ओबरआल्प, आल्बुला आणि बेर्निना. एकही २५०० मीटरला पोचत नाही, म्हणजे उंची बघून केलेल्या तुझ्या खिंडींच्या एक्सेल यादीत त्यांना जागा नाही. पण या एका वाटेवर चार समुद्रांकडे जाणारं पाणी लागतं, आणि नकाशावर हे वाचणं वेगळं आणि पायांनी कळणं वेगळं.

ग्रिम्झेलपासून सांगतो. इनर्टकिर्शेन ६२५ मीटरवर, खिंड २१६४ वर, मधे सुमारे २६ किलोमीटर. सामान लादलेल्या सायकलवर ताशी सहा-सात किलोमीटरने रांगत गेलास तर चार तास धर. आरे नदी सतत सोबत असते, आधी झाडीत नुसता आवाज, मग कातळात पांढरी धार. बोगदे टाळून जुन्या रस्त्याने जाण्याची सायकलवाल्यांना सोय आहे, ती सोडू नकोस, कारण बोगद्यात मोटरसायकलींचा जो आवाज घुमतो त्याने चढापेक्षा जास्त दमायला होतं. झाडं विरळ झाली की नुसता करडा, गुळगुळीत ग्रॅनाइट उरतो. हिमनद्यांनी हजारो वर्षं घासून तो असा केलाय. आणि मग तळी सुरू होतात.

ही तळी म्हणजे धरणं आहेत. धरण म्हटलं की तू नाक मुरडणार, म्हणून मुद्दाम सांगतो. ग्रिम्झेलच्या तलावाखाली १९३० च्या सुमारास दरी बुडाली, जुनी धर्मशाळाही बुडाली, आणि नवी वर खडकावर बांधली. तरी मला तो तलाव खोटा वाटला नाही. त्याचा रंग राखी-हिरवा, किंचित गढूळ. हिमनदी सरकताना तळचा खडक दळत जाते, ते पीठ इतकं बारीक असतं की खाली बसतच नाही, पाण्यात तरंगत राहतं आणि प्रकाश विखुरतं. पीठ बेताचं असलं तर पाणी निळं-हिरवं दिसतं, जास्त झालं तर दुधाळ. चित्रांतल्या त्या अनोळखी निळ्या तळ्यांचं गुपित हे एवढंच.

माथ्यावर आणखी एक तळं आहे, टोटेनझे, म्हणजे मृतांचं. १७९९ मध्ये इथे फ्रेंच आणि ऑस्ट्रियन फौजा लढल्या, त्यातले मेलेले या तळ्यात गेले असं सांगतात. तिथे उभं राहून पलीकडे बघितलंस की समोरच्या डोंगरावर फुर्काची वळणं अख्खीच्या अख्खी दिसतात. आत्ताच कमावलेले चारशे मीटर उतरून ग्लेचला जायचं आणि तिथून पुन्हा ६७० मीटर वर. असं दृश्य चढ संपल्यावर दाखवणं हा निसर्गाचा चावटपणाच आहे. मी तिथे बसून चीज-पाव खाल्ला आणि त्या रस्त्याकडे पाठ केली.

पण ग्रिम्झेलच्या या बाजूला पडलेला थेंब रोन नदीतून भूमध्य समुद्राला जातो, मागच्या बाजूचा आरेतून ऱ्हाइनला आणि उत्तर समुद्राला. शाळेत जलविभाजक म्हणून सह्याद्री पाठ केला होता आपण. इथे तीच गोष्ट काही तासांच्या अंतराने पुन:पुन्हा घडते, आणि प्रत्येक वेळी पायांना आधी समजते.

फुर्काबद्दल जरा सावकाश सांगतो. चढाच्या वरच्या भागात रोनची हिमनदी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिची जीभ खाली ग्लेचच्या सपाटीपर्यंत पोचायची. आता ती वर कड्यामागे सरकली आहे, तिच्या पायथ्याशी वितळलेल्या पाण्याचं तळं साचलंय, आणि पर्यटकांसाठी कोरलेल्या बर्फाच्या गुहेवर उन्हाळ्यात पांढरी कापडं पांघरतात, बर्फ कमी वितळावं म्हणून. लांबून बघितलं तर आजारी माणसाला चादरीत गुंडाळून ठेवल्यासारखं दिसतं. वळणावरचं बेलव्हेडेर नावाचं जुनं हॉटेल बंद पडलंय, त्याच्या झडपा लावलेल्या. लोक त्याचे फोटो काढत होते. हिमनदीकडे कोणी फारसं बघत नव्हतं, आणि मला ते समजू शकतं; हॉटेल अजून तिथल्या तिथे आहे. खाली ग्लेचला जी नदी पुलाखालून जाते ती याच कापडाखालच्या बर्फातून आलेली, जिनिव्हा सरोवर भरून पुढे मार्सेच्या पश्चिमेला समुद्राला मिळणारी.

माथा २४२९ मीटर. पलीकडे रेआल्पपर्यंतचा रस्ता अरुंद आहे, पिवळी पोस्टबस आंधळ्या वळणाआधी तीन सुरांचा भोंगा वाजवते. तो ऐकला की कडेला थांब, बाकी भीती नाही. इथून पाणी रॉइस नदीचं, म्हणजे पुन्हा उत्तर समुद्राचं.

ओबरआल्प हा घाट म्हणून सामान्य. आन्डरमाटहून सहाशे मीटर चढ, शेजारून रेल्वे, वर एक लांबट तळं. पण माथ्यावर, समुद्रापासून इतक्या लांब, एक लाल दीपगृह उभं आहे! ऱ्हाइनच्या मुखाशी हुक ऑफ हॉलंडला जे होतं त्याची छोटी प्रतिकृती, कारण ऱ्हाइनचा उगम मानतात ते तोमासे नावाचं तळं इथून जवळ आहे. मुखापर्यंत सुमारे १२३० किलोमीटर. गंमत म्हणजे अनेक दशकं संदर्भग्रंथांत १३२० छापलं जात होतं. कधीतरी आकडे उलटसुलट झाले आणि मग सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलं. २०१० मध्ये ते उघड झालं. (तुझ्या त्या एक्सेल शीटवरही एकदा नजर टाक.) या खिंडीत पाणी दोन बाजूंना फुटतं खरं, पण कायमचं नाही. एका बाजूचं रॉइसमधून आरेत, दुसऱ्या बाजूचं बोडेन्झे सरोवर फिरून, आणि शेवटी दोन्ही ऱ्हाइनमध्ये एकत्र.

पुढचा उतार निवांत. डिसेंटिसच्या आधीपासूनच पाट्यांवर रोमान्श भाषा दिसायला लागते. इलान्त्सनंतर मुख्य रस्ता सोडून व्हेर्सामकडून जा. तिथे प्रागैतिहासिक काळात अख्खा डोंगर कोसळून ऱ्हाइन अडली होती, मग नदीने तो ढिगारा कापत वाट काढली. पांढऱ्या ठिसूळ कड्यांच्या पोटातून रस्ता जातो. एवढं एक सोडलं तर थुसिसपर्यंत सांगण्यासारखं काही नाही, ऊन आणि उलटा वारा.

सगळ्यांत आवडला तो आल्बुला. बेर्ग्युनपासून प्रेडापर्यंत रेल्वे उंची गाठण्यासाठी डोंगराच्या पोटात गोल गोल फिरते, एकच गाडी कधी डोक्यावर, कधी पायाखाली, कधी समोर दिसते. मुलं खिडकीतून हात हलवतात, आपणही हलवायचा, तेवढाच श्वास मिळतो. प्रेडाच्या वर पालपुओन्या तळं आहे, १९१८ मीटरवर, इतकं स्वच्छ की बुडालेली खोडं स्पष्ट दिसतात. तिथे सामान उतरवून पाय पाण्यात टाकले, दहा सेकंदांत काढले. रहदारी फार नाही, मार्मोट नावाचे खारीच्या जातीचे डोंगरी प्राणी शिट्ट्या मारत असतात, आणि २३१२ मीटरच्या माथ्यापलीकडे पाणी इन नदीचं होतं, डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राकडे जाणारं.

शेवटी बेर्निना. माथ्याजवळ एका रांगेत तळी आहेत, त्यांत एक काळं, लेय नायर, आणि एक पांढरं, लागो बियांको. काळ्याचं पाणी इनकडे, काळ्या समुद्राला. पांढऱ्याचं पोस्कियावो खोऱ्यातून आड्डाला, मग पो नदी, मग एड्रिॲटिक. मधे जेमतेम एक उंचवटा आणि धरणाची भिंत. पांढरं दुधाळ का, ते आता तुला ठाऊक आहे, वरून काम्ब्रेनाची हिमनदी पीठ पाठवते. काळ्यात ते येत नाही, म्हणून त्यात तळ दिसतो, आणि तो काळा आहे. तिथे वाऱ्यात कितीतरी वेळ उभा होतो. काठाने खडीची वाट आहे, जाड टायर असतील तर तिनेच जा.

मग उतार. २३२८ मीटरवरून तिरानोच्या ४२९ पर्यंत. वर विंडचीटर, हातमोजे, बोटं बधिर. खाली द्राक्षमळे आणि उकाडा. ब्रेक धरून ठेवू नकोस, चाकाची रिम तापते. वळणाआधी दोन्ही घट्ट दाबून वेग काढायचा, मग सोडून द्यायचे, म्हणजे रिमला गार व्हायला वेळ मिळतो. ब्रेक पॅडचा एक जोड जास्तीचा ठेव.

आता तुझ्या सायकलचं. पुढे चौतीस दातांची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं चक्र, असेल तर मागे निदान तेवढ्याच दातांचं चक्र हवं, सामानासकट त्याहून हलका गिअर मिळाला तर आणखी बरं. गुडघे तुझे आहेत, दुकानदाराचे नाहीत. सामान दहा किलोंच्या आत. शनिवार-रविवार मोठ्या खिंडी टाळ, मोटरसायकलींचा थवा असतो. आणि सकाळी सहाला निघ, दुपारनंतर ढग गडगडायला लागतात आणि माथ्यावर लपायला झाड नसतं.

जूनच्या सुरुवातीला येऊ नकोस, फुर्का तेव्हा बर्फामुळे बंद असू शकतो. जुलैचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरची सुरुवात, यापैकी तुला रजा कधी मिळते ते कळव. मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचाचे, दातही मोजून लिही, अंदाजाने नको. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू