गाडी लेकराची असेल तर नियम आधी लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आमच्याकडं शाळाशाळांत गॅदरिंग आणि विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू होते, आणि आता त्यात लाकडी गाड्यांच्या शर्यतीची भर पडायलीय, ही लई चांगली गोष्ट आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, लेकरानं एका ठोकळ्यातून वीतभर गाडी तासायची, चार चाकं लावायची, रंगवायची आणि उताराच्या फळीवरून सोडायची. सेल नाही, मोटर नाही, धक्का द्यायचा नाही, गाडी नुसत्या स्वतःच्या वजनानं खाली पळते. मी सेलूत सुतारकाम करतो, पिढीजात धंदा आहे, त्यामुळं लेकरांच्या हातात करवत-कानस येतेय हे पाहून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

पण मागच्या वर्षी एका शाळेत मी ही शर्यत पाहायला गेलो तर तिथं नियमच नव्हते. म्हणजे "गाडी लाकडाची असावी" एवढं सांगितलेलं, बाकी काही नाही. मग कुणी सागवानाची पाऊण किलोची गाडी आणली, कुणी ऑनलाइन मागवलेली, कुणाच्या गाडीत खाली बारकी मोटर. आणि एका पाचवीतल्या पोरानं घरी लिंबाच्या लाकडाची गाडी एकट्यानं केलेली, कानशीचे ओरखडे दिसत होते तिच्यावर, पण ती चांगली होती, चाकं सरळ होती. ती ट्रॅकवर बसेचना, कारण ट्रॅकच्या मधोमध जी पट्टी असते तिच्यापेक्षा दोन चाकांमधलं अंतर कमी. हे माप त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं! त्याची गाडी एकदासुद्धा पळाली नाही. लोक म्हणतात लेकरांचा खेळ आहे, कशाला एवढे नियम, पण मला वाटतं लेकरांचा खेळ आहे म्हणूनच नियम पाहिजेत, आणि ते लाकूड हातात द्यायच्या आधी कागदावर लिहून पाहिजेत, शर्यतीच्या दिवशी माईकवरून नाही.

हा खेळ आला अमेरिकेतून. तिथं 1953 साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी कब स्काउटच्या, म्हणजे स्काउटातल्या लहान पोरांसाठी तो सुरू केला, कारण त्यांचा मुलगा दहा वर्षांचा होता आणि ज्या मोठ्या गाडीत बसून उतरायचं असतं त्या सोप बॉक्स डर्बीत त्याला वयामुळं घेत नव्हते. पाईनवूडचा ठोकळा, म्हणून तिकडं त्याला पाईनवूड डर्बी म्हणतात. त्यांची मापं आपल्या सुताराच्या भाषेत सांगायची तर लांबी 7 इंच, चाकांसकट रुंदी पावणेतीन इंच, आतून चाकाचाकातलं अंतर पावणेदोन इंच, गाडीच्या पोटाखाली तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोकळी जागा आणि वजन जास्तीत जास्त 5 औंस म्हणजे 142 ग्रॅम. यातलं एकही माप उगं कुणाच्या मनात आलं म्हणून ठेवलेलं नाही. पावणेदोन इंच आणि तीन सूत हे त्या मधल्या पट्टीसाठी, रुंदी शेजारच्या गाडीला घासू नये म्हणून. हे कारणासकट सांगितलं तर चौथीतलं लेकरू पण बरोबर माप धरतं, मी माझ्या दुकानात पोरांना गुण्या धरायला शिकवलंय, मला माहितीय.

वजनाचं जरा सविस्तर सांगतो कारण भांडणं तिथंच होतात. जड गाडीवर हवेच्या अडथळ्याचा परिणाम कमी होतो, आणि चाकं फिरवण्यात जो जोर खर्च होतो तो एकूण जोराच्या मानानं थोडका ठरतो, म्हणून सगळ्यांना वजन वाढवायचं असतं आणि म्हणून वरची मर्यादा पाहिजेच. आपण हिशेबाला सोपं म्हणून सरळ 140 ग्रॅम धरावं. आता पॅकिंगच्या खोक्यात जे पाईन येतं त्याचा 7 इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, सव्वा इंच जाड ठोकळा शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, पण तेवढाच सागवानाचा घेतला तर तासायच्या आधीच तो दीडशेच्या पुढं जातो, बाभळीचं तर विचारूच नका, ती लेकराच्या हातानं कापली पण जात नाही. म्हणून लाकूड घरून आणा म्हणायचंच नाही. शाळेनं एकाच फळीतून कापलेले ठोकळे, एकाच लॉटमधली चाकं आणि चाकाच्या आसाचे तेच खिळे सगळ्यांना द्यावेत, एखादं चाक जास्तीचं. कमी पडलेलं वजन नट-वायसर नाहीतर नाणी चिकटवून भरता येतं, दहाचं एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या जवळ जातं. शिसं मात्र नको, ते वितळवणं तर अजिबातच नको, विषारी असतं. वजन कुठं बसवायचं ते लेकरानं ठरवावं, खरी मजा त्यातच आहे: उतारावर गाडीचा मागचा भाग वर असतो, म्हणून मागं ठेवलेलं वजन जास्त उंचीवरून खाली येतं आणि गाडी जास्त पळते, पण फारच मागं गेलं की नाक उचलतं आणि गाडी डुलायला लागते. हे पुस्तकातून वाचून जेवढं कळतं त्याच्यापेक्षा लवकर हातातून कळतं.

आणि वजन किराणा दुकानातल्या काट्यावर करू नये, त्याला पाच ग्रॅमच्या आतलं बहुतेक कळत नाही. सराफाचा काटा आणावा, एकच आणावा, आणि तो आदल्या दिवशी लेकरांना वापरू द्यावा.

ग्रीस-तेल बंद ठेवावं, आपल्याकडच्या धुळीत तेल लावलं की चाकाला चिखल धरतो आणि ट्रॅक पण घाण होतो. ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते. बेअरिंग, स्प्रिंग, बुश नाही. खिळ्याच्या डोक्याखालची धार झिरो पेपरनं घासून गुळगुळीत करायची मुभा मात्र द्यावी, काही ठिकाणी तेही नको म्हणतात, पण ती लेकराची मेहनत आहे, तिला बंदी कशाला?

आता खरा मुद्दा मोठ्या माणसांचा. माझ्याकडं पालक यायलेत, "दादा, पहिला नंबर येईल अशी गाडी करून द्या, पैशाचं बघू." मी नाही म्हणतो, पण कुणीतरी हो म्हणणारच. अमेरिकेत पण हेच झालं. 1973 साली अॅक्रन गावात त्या मोठ्या सोप बॉक्स डर्बीत 14 वर्षांचा मुलगा पहिला आला, नंतर गाडीचा एक्सरे काढला तर नाकात इलेक्ट्रोमॅग्नेट निघालं, सुटताना पुढची लोखंडी फळी खाली पडायची तीच गाडीला ओढायची. बक्षीस परत घेतलं. आणि त्याच्यामागं त्याचे काका होते, चांगले शिकलेले, कारखानदार माणूस. नाव कुणाचं खराब झालं? पोराचं.

म्हणून माझं म्हणणं आहे की पहिला सरळ काप सुतारानं नाहीतर गुर्जींनी मारून द्यावा, बाकी तासणं, घासणं, रंगवणं, चाकं बसवणं शाळेतच दोन-तीन शनिवारी सगळ्यांसमोर व्हावं आणि गाड्या शाळेतच राहाव्यात. लहान वर्गांना इलेक्ट्रिक मशीन नको. ज्या आईबापांना हौस आहे त्यांच्यासाठी वेगळी फेरी ठेवा, तिकडं पण अशा खुल्या फेऱ्या असतात, मी स्वतः उतरीन त्यात.

तपासणी आदल्या संध्याकाळी करावी. प्लायवूडचा एक साचा करायचा, 7 इंच बाय पावणेतीन इंच, गाडी आत बसली म्हणजे पास, मग वाद घालायला जागाच राहत नाही. तीन सूत जाडीची एक पट्टी ठेवायची, तिच्यावरून गाडी न अडकता गेली पाहिजे. आणि जी गाडी मापात बसत नाही तिला बाद करू नका हो! शेजारी एक टेबल मांडा, पॉलिश पेपर, कानस, हातड्रिल ठेवा, अर्धा तास द्या, लेकराला दुरुस्त करू द्या. मग चिठ्ठी चिकटवून सगळ्या गाड्या कपाटात कुलपात, सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आईबापांनी तर नाहीच.

शर्यतीच्या दिवशी एवढंच बघा की प्रत्येक गाडी प्रत्येक लेनमधून एकदा पळाली पाहिजे, कारण फळी कितीही रंधली तरी दोन लेन सारख्या होत नाहीत, आणि एकाच फेरीत हरलेलं लेकरू घरी पाठवू नये. बक्षीस वेगाला द्या, पण एक हातकामाला पण द्या आणि ते ठरवायला गावातला सुतार बोलवा.

शिक्षणाधिकारी साहेब आणि मुख्याध्यापकांनी हे पत्र वाचलं तर माझी विनंती आहे की यंदा गॅदरिंगच्या नोटिशीसोबत नियमांचा कागद पण लावावा, मापाचं चित्र काढून. सेलू तालुक्यातली कुठलीही शाळा, झेडपीची असो की खाजगी, पाईनची फळी घेऊन आली तर ठोकळे एका मापात कापून आणि तपासणीचा साचा करून द्यायची मजुरी मी घेणार नाही.

आपला,
एक वाचक (व्यवसायानं सुतार)
सेलू, जि. परभणी