कराडजवळच्या अनोळखी मिस्त्रींचे आभार

आमच्या जुन्या महिंद्रा सीजे-थ्रीबी जीपच्या मागच्या प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे वळते सांधे, नवे टाकून आणले आणि वेग चाळिशीच्या पुढे गेला की गाडी थरथरायला लागली. कुणी टायरला दोष दिला, कुणी गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं. कराडच्या अलीकडे, हायवेलगतच्या शेडमधल्या दोघा मिस्त्रींनी मात्र आधी खाली सरपटत जाऊन पाहिलं.

शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनवर, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दातेरी जोडावर, दोन बाण असतात, एक नळीवर, एक योकवर (क्रॉसला धरणाऱ्या दुबेळक्यावर). ते समोरासमोर यायलाच हवेत. इथे दात चुकवून जोडलेले. तिरका क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते फेडतो, पण दोन्ही योक एका रेषेत असतील तरच. थोरल्या मिस्त्रींनी हे दोन बोटं वाकवून दाखवलं, आणि इतकं सोपं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बाणांवरचा चिखल रॉकेलने धुतला, शाफ्ट सोडवून परत बसवला, यू-बोल्ट बेताने आवळले (जास्त आवळले की बेअरिंगच्या वाट्या दबतात), निप्पलमधून ताजं ग्रीस भरलं. धाकट्याने तर बाणांवर पांढरा रंगही लावून दिला, पुढच्या माणसाला दिसावा म्हणून.

मजुरी फारच थोडी घेतली. नावं विचारली तर हसून पुढच्या ट्रॅक्टरकडे वळले. दादा, काका, तुमचे मनापासून आभार. जीप आता साठला शांत पळते. तुमच्या शेडमधला पाना चुकून आमच्या डिकीत आलाय, तो घेऊन येतोच.