कृष्णविवराचे वजन कसे केले, तेही छापावे

महोदय,

कृष्णविवरांच्या बातम्यांत ‘अजस्र’, ‘महाकाय’ ही विशेषणे भरपूर असतात, पण वजन नेमके कसे केले हे क्वचितच येते. सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम ३३ दीर्घिकेतील ‘एम ३३ एक्स-७’ या क्ष-किरण जोडताऱ्याचेच पाहा. तेथे कृष्णविवर आणि एक तप्त निळा तारा जेमतेम साडेतीन दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. ताऱ्यावरून सुटणारा वायू कृष्णविवराकडे ओढला जाताना तापून क्ष-किरण फेकतो आणि तारा आड आला की ते काही काळ दिसेनासे होतात. पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण अडवते, म्हणून हे ग्रहण ‘नासा’च्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने अवकाशातून टिपले. ग्रहणाच्या कालावधीवरून कक्षेचा कल आणि ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचा वेग कळला की वस्तुमानाचे गणित मांडता येते.

२००७ मध्ये या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या जवळपास १६ पट निघाले. २०२२ मध्ये हबलच्या अतिनील वर्णपटांसह फेरतपासणी झाली आणि आकडा सुमारे ११ वर आला. मला ही दुरुस्ती मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते. विद्यार्थ्यांना तर ती आवर्जून सांगायला हवी.

भारताच्या अॅस्ट्रोसॅट या खगोल-निरीक्षण उपग्रहावरील क्ष-किरण उपकरणे घडवण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) मोठा वाटा आहे. तेथील शास्त्रज्ञांकडून या मोजमापांवर आपण लेख लिहवून घ्यावेत, ही विनंती.

— एक नियमित वाचक, पुणे