दोनशे टेराबाइटची चकती वाचणार कशावर?

मा. संपादक,
स.न.

‘एकाच चकतीत दोनशे टेराबाइट’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. शांघायच्या संशोधकांचे हे काम फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आले होते आणि आकडा खरा आहे : डीव्हीडीएवढ्या चकतीत शंभर थर, १.६ पेटाबिट, म्हणजेच दोनशे टेराबाइट मजकूर. साध्या डीव्हीडींत मोजायचे तर बेचाळीस हजारांच्या वर. पण ‘साठवणुकीचा प्रश्न कायमचा मिटला’ असे जे बातमीत ठोकून दिले आहे, त्याला माझी हरकत आहे. नाशिकरोडला माझा फोटो स्टुडिओ आहे, अगदी रिळाच्या कॅमेऱ्यापासून. प्रकाश पडला की बदलणाऱ्या पदार्थांवरच आमचे घर चालले.

सीडी-डीव्हीडीत मजकूर एक-दोन थरांत असतो, डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे चकतीची मजल चारपर्यंत गेली. थर वाढवण्यातली अडचण साधी आहे. तळाच्या थरावर लिहायला निघालेला किरण वरच्या सगळ्या थरांतून जाणार, आणि तेही प्रकाशाने बदलणारेच असल्याने वाटेत सगळाच गोंधळ करणार. यातून सुटायची वाट भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ सालीच कागदावर मांडली होती : रेणूने प्रकाशाचे दोन कण एकाच वेळी शोषणे. याची शक्यता प्रकाशाच्या तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तीव्रता दुप्पट झाली की शक्यता चौपट. त्यामुळे किरण जिथे एकवटतो तेवढ्या ठिपक्यातच रेणू बदलतो, वरखालचे थर कोरेच राहतात. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञ पीटर रेंट्झेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने स्पायरोपायरन वर्गातल्या रंगद्रव्यात असे लिहून दाखवले. उन्हात गेले की काळा होणारा आणि घरात आले की पुन्हा पांढरा होणारा चष्मा अनेकांच्या नाकावर असतो, त्याच तऱ्हेचा हा प्रकार.

गोम इथेच आहे. चष्मा पांढरा झाला तर बरेच, मजकूर पांढरा झाला तर कसे चालेल? त्या रंगद्रव्याचे रंगलेले रूप नेहमीच्या तापमानाला टिकत नसे, थंडीत ठेवावे लागे. शिवाय वाचायचे तरी कसे, तर पुन्हा प्रकाश टाकूनच. अशा पदार्थांत दर वाचनागणिक थोडा मजकूर पुसला जाण्याची भीती असते. शांघायवाल्यांनी वेगळा पदार्थ घेतला. त्यांच्या पद्धतीत एक किरण लिहितो आणि दुसरा, कड्याच्या आकाराचा किरण त्याच्या कडा आवरतो, म्हणून ठिपका ५४ नॅनोमीटरपर्यंत (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) बारीक झाला. कौतुकच आहे. मात्र लिहिणारा लेसर फेम्टोसेकंदाचा, म्हणजे अतिसूक्ष्म काळाचे झोत सोडणारे, प्रयोगशाळेतले महागडे यंत्र. तो कोपऱ्यावरच्या दुकानात कधी येणार, हे बातमीत कुठेच नव्हते.

माझ्या काउंटरवर येणाऱ्या लग्नाच्या डीव्हीडी पाहा. कोऱ्या चकतीची खालची बाजू निळसर-जांभळट दिसते, तो रंग म्हणजे सेंद्रिय रंगद्रव्याचा थर. रायटरचा लेसर तो जागोजागी तापवून त्यावर खुणा करतो. हीच चकती काचेच्या शोकेसमध्ये उन्हाच्या बाजूला वर्षानुवर्षे ठेवली की रंग विटतो, मशीन घरघर करते आणि शेवटी चकती बाहेर फेकते. आणि चकती शाबूत असली तरी नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो! सोनीने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे चकत्या बनवणेच थांबवले.

हे नाशिकला लागू आहे म्हणून लिहितो. गोदाकाठच्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळींच्या चोपड्या आहेत. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे. गोदावरीला पूर आला की पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले यावर आपण पुराचा अंदाज घेतो, आणि यातल्या कित्येक चोपड्या त्याच काठावरच्या वाड्यांत असतात. त्यांचे स्कॅनिंग व्हायलाच हवे, पण त्यासाठी शांघायच्या चकतीची वाट पाहू नये आणि सगळे एकाच हार्डडिस्कवर टाकून निश्चिंतही होऊ नये. शाईने लिहिलेली चोपडी वाचायला डोळे पुरतात. स्कॅन केलेल्या प्रतीला यंत्र लागते, ते यंत्र चालवणारा माणूस लागतो आणि दर काही वर्षांनी नवी प्रत काढण्याचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. प्रती किती, त्या नदीपासून दूर कुठे ठेवणार, पुढची प्रत कोणत्या साली निघणार, हे कामाच्या करारातच लिहून घ्यावे. सिंहस्थाच्या निमित्ताने पैसा येतो आहे, तेव्हा हा विषय आताच निघालेला बरा.

आणि अशी बातमी पुन्हा छापाल तेव्हा चकतीत किती मावते याच्या शेजारी लिहायला किती वेळ लागतो, वाचायचे यंत्र कुठे मिळते आणि त्याची किंमत काय, एवढी तीन उत्तरेही द्यावीत.

– एक फोटो स्टुडिओचालक, नाशिकरोड