बागकामाचा कार्यक्रम करतोयस तर आधी हे वाच

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू सांगितलंस की चॅनेलसाठी बागकामाचा कार्यक्रम करायचं चाललंय, आणि मग विचारलंस, "तुमच्या घरात तर रोज असले कार्यक्रम चालू असतात, सांग ना, लोकांना नेमकं काय पाहिजे असतं?" मी तेव्हा आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघालो होतो त्यामुळे नीट बोलता आलं नाही, पण तेव्हापासून डोक्यात तेच फिरून राहिलंय. आता रात्रीचे साडेदहा झालेत, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालून खाली आलोय, स्लॅब अजून पायाला चटके देतोय, म्हटलं आत्ताच लिहून टाकू नाहीतर राहून जाईल.

सगळ्यात आधी आईच्या वहीबद्दल सांगतो. तुला माहितीये आई कार्यक्रम लागायच्या आधी भाकरी उरकून घेते, चष्मा लावते आणि दोनशे पानी वही मांडीवर घेऊन बसते, पेन वहीलाच दोऱ्याने बांधलेलं असतं. निवेदिका बोलते छान, हसते छान, पण मातीचं मिश्रण सांगायची वेळ आली की एकदम म्युझिक मोठं होतं आणि प्रमाण लिहिलेली पाटी पडद्यावर येते, आणि आई "माती ४०, कोकोपीट ३०" इतकं लिहीपर्यंत पाटी गेलेली असते. मग आई मला हाक मारते, "पुढचं काय होतं रे?" आणि मी त्या वेळी नेमका मोरीत नाहीतर दारात असतो. परवा ती वही मी पहिल्या पानापासून चाळली. एका पानावर लिहिलंय, "गुलाबाला निंबोळी पेंड मूठभर आणि" बस, पुढे काहीच नाही. पुढच्या पानावर "मोगऱ्याची छाटणी झाल्यावर लगेच" आणि खाली रिकामी जागा, नंतर कळलं तर लिहू म्हणून सोडलेली. अशी किती पानं आहेत, मला वाचून खरंच गलबलून आलं. तू म्हणशील मोबाईलवर पुन्हा बघता येतं, पण आई मोबाईलवर फक्त फोन उचलते, आणि टीव्हीपुढे वही घेऊन बसणारा माणूस हाच तुझा खरा प्रेक्षक आहे. त्याच्यासाठी ती पाटी वीस सेकंद थांबव, आणि निवेदिकेला ती मोठ्याने वाचायला सांग, दोनदा.

दुसरं म्हणजे ऊन. सगळे कार्यक्रम सांगतात, लिंबाला सहा ते आठ तास कडक ऊन पाहिजे. आईने ऐकलं, आणि एप्रिलमध्ये जिन्याखालच्या सावलीत छान वाढलेलं लिंबाचं रोप मला गच्चीच्या मधोमध ठेवायला लावलं. रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात होतं ते, डबा काळा. तिसऱ्या दिवशी पानं आतल्या बाजूला वळली, पाचव्या दिवशी कडा करपल्या, बारीक बारीक लिंबं धरली होती ती सगळी गळून डब्यात पडली. डब्याच्या कडेची माती हाताला लागली तर हात मागे घ्यावा लागत होता इतकी तापलेली, म्हणजे मुळं अक्षरशः शिजली असणार. शेजारच्या मावशी भिंतीवरून अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, इतलं ऊन शे, झाड कसं जगी?" त्यांना टीव्हीवाल्यांपेक्षा जास्त कळत होतं, कारण त्या इथे राहतात. अरे, जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि धुळ्याकडे हिवाळ्यात पार एक आकडी होतो. पुण्याच्या बाल्कनीतलं सहा तास ऊन आणि अमळनेरच्या स्लॅबवरचं सहा तास ऊन एक कसं असेल? मग सांगा ना की खान्देश-विदर्भवाल्यांनी मार्च लागला की ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा, सकाळचं ऊन द्या आणि अकरानंतर सावली करा, कुंडीला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, कुंडी विटांवर ठेवा. दोन वाक्यांचं काम आहे. ती दोन वाक्यं मला कोणी सांगितली असती तर ते झाड वाचलं असतं.

आणि पिवळी पानं. प्रत्येक कार्यक्रमात उत्तर एकच, पाणी जास्त होतंय, पाणी कमी करा. आमच्या मोगऱ्याची पानं पिवळी पडली तेव्हा आईने पाणी कमी केलं, मोगरा अजून पिवळा. शेवटी एक नर्सरीवाला म्हणाला, पान नीट बघा, शिरा हिरव्या आहेत आणि मधलं पिवळं, हे पाण्याचं नाही, हे लोहाचं आहे. आपली काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी क्षाराचं, कुंडीच्या काठावर पांढरी पुटं धरतात ना तेच, त्यात लोह असलं तरी झाडाला उचलता येत नाही. त्याने हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दिली, लिटरला पाच ग्रॅम, थोडा लिंबाचा रस पिळून, संध्याकाळी फवारायची. नवीन फूट आली ती हिरवी आली. हे पान कॅमेऱ्याने जवळून दाखवायला काय अडचण आहे? टीव्हीची ताकद तीच तर आहे की शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं हे दिसतं, रेडिओवर सांगून कळत नाही. पण कॅमेरा सगळा वेळ निवेदिकेच्या तोंडावर आणि मागच्या रंगीत कुंड्यांवर.

काळ्या मातीचंच बघ अजून, नुसती कुंडीत भरली की सुकल्यावर आक्रसते, कडेने फट पडते, आणि पाणी घातलं की ते फटीतून सरळ खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच. आपल्याला वाटतं पाणी दिलं. यावर टीव्हीवर उपाय काय तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट वाईट आहे असं नाही, पण ते नारळाच्या मुलखातून येतं. आपल्याकडे भुईमुगाची टरफलं पोत्याने मिळतात, केळीची खोडं बांधावर पडून सडतात, शेणखत आहे, नदीची वाळू आहे, याच्यावर एक अख्खा भाग कर ना. जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते वांगं कुंडीत होतं का, किती मोठ्या कुंडीत, हे मला कुठल्याच कार्यक्रमात अजून बघायला मिळालेलं नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. लोकांना तेच झाड पुन्हा बघायचं असतं. म्हणजे पहिल्या भागात टोमॅटोचं रोप लावलं ना, मग सहाव्या भागात ते कुठे आहे? दाखवतच नाहीत. दर आठवड्याला नवीन बंगला, नवीन गच्ची, सगळं आधीच फुललेलं, मालकीणबाई नटून उभ्या. ते बघायला बरं वाटतं, पण आपल्या कुंडीत काय करायचं ते काही कळत नाही. माझी बहीण इंग्लंडला असते, ती बीबीसीचा गार्डनर्स वर्ल्ड नेमाने बघते, १९६८ पासून चालू आहे तो. मी तिच्याकडून कळलं म्हणून थोडा बघितला. मॉन्टी डॉन नावाचा माणूस स्वतःच्या घरच्या बागेतून बोलतो, वर्षानुवर्षं तीच बाग, तेच वाफे. त्याच्याकडच्या कुंपणाच्या झुडपांना बुरशीचा रोग लागला तर तो त्याने लपवला नाही. नायजेल नावाचा त्याचा कुत्रा मागेपुढे फिरायचा, २०२० मध्ये तो गेला तर लोकांना घरातलं कोणी गेल्यासारखं वाईट वाटलं. आणि शेवटी तो या शनिवार-रविवारी बागेत कोणती कामं करायची ते सांगतो. मला हे फार आवडलं. तिकडची झाडं, तिकडचं हवामान आपल्या उपयोगाचं नाही, पण ही पद्धत उचल.

तसंही आपल्याला हे नवीन कुठे आहे? दिल्लीत २६ जानेवारी १९६७ ला टीव्हीवर शेतकऱ्यांसाठी कृषिदर्शन सुरू झालं ते आसपासच्या ऐंशी गावांसाठी, टीव्हीचे सार्वजनिक संच ठेवून, आणि आपल्या घरात आजोबा आमची माती आमची माणसं लागला की सगळ्यांना गप्प करायचे ते तुला आठवत असेल. त्यात शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून बोलायचा. आधी गाव, तालुका सांगायचा, मग वाण कोणता, दोन ओळीत अंतर किती, खर्च किती आला, किती निघालं, आणि कीड पडली असेल तर तेही सांगायचा. आजोबांचा विश्वास बसायचा कारण माणूस तालुक्यासकट समोर होता. बागेच्या कार्यक्रमात मला तेच पाहिजे. गाव सांगा, पाणी कुठलं ते सांगा, कुंडी कितीला पडली ते सांगा. बाराशे रुपयांच्या चिनी मातीच्या कुंडीत लावलेलं झाड बघून आई नुसती "छान आहे" म्हणते आणि वही मिटते. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडताना दाखवा, ती लगेच पुढे सरकून बसेल.

पाण्याचं तर विचारूच नको. उन्हाळ्यात नळाला रोज पाणी नसतं, आणि टीव्हीवर बाई पाईप घेऊन पानं धुताहेत. आमच्या जुन्या घरी मोरीचं पाणी जिथे जायचं तिथेच कर्दळ, अळू, एक केळ आणि कढीपत्ता होता, वेगळं पाणी कधी कोणी घातलं नाही. ठिबकसाठी तर जळगाव देशभर नावाजलेलं. मी आता दवाखान्यातल्या नव्हे, मेडिकलमधून आणलेल्या नव्या सलाईनच्या नळ्या दोन लिटरच्या बाटल्यांना लावून एकेका कुंडीत थेंब थेंब सोडतो, चाकी फिरवून दर पाच-सहा सेकंदाला एक थेंब ठेवला की दोन-अडीच दिवस पुरतं. आठ बाटल्या आहेत. तू हे शूट करायला ये, मी आनंदाने दाखवीन.

आणि एक विनंती, आठवड्याची कामं सांगताना आपलं कॅलेंडर धरा. अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमाराला काय करायचं, मृग लागायच्या आधी कुंड्या कधी बदलायच्या, श्रावणातल्या कानबाई-पोळ्याच्या दिवसांत गोगलगाय कशी आवरायची, दिवाळीनंतर मेथी-पालक कधी टाकायचा. आईसारख्यांना तारखेपेक्षा हे पटकन लक्षात राहतं.

लिंबाचं ते झाड मी टाकलं नाही. जून-जुलैत बुंध्यापासून फूट आली तर आली म्हणून डबा पुन्हा जिन्याखाली ठेवलाय, रोज सकाळी नखाने साल खरवडून बघतो, काल खाली थोडं हिरवं दिसलं. फूट आली तर पहिल्या भागात घे, नाही आली तरी घे, फक्त डबा काळा होता आणि एप्रिल होता हे सांग.

मे महिन्यातच ये, दुपारी एकला कॅमेरा गच्चीवर लाव. आणि कार्यक्रम कुठल्या वारी, किती वाजता लागणार ते ठरलं की लगेच कळव, आई भाकरीची वेळ त्याप्रमाणे मागेपुढे करणार आहे.

तुझाच,
अमळनेरहून